मांडव उतरल्यावर : टोकावडें-मुरबाड भागांतील उत्सवमंडपाच्या सामानाचा विचार

१

इतिहासाचीं साधनें म्हणून आपण ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि दप्तरें यांच्याकडे पाहतों, कारण तीं टिकलीं आहेत. जी वस्तु टिकावी म्हणून केलीच नाहीं, तिचा इतिहास लिहावयाचा म्हणजे साधनांची अडचण येते. उत्सवाचा मांडव ही अशीच वस्तु आहे. तो चार दिवसांसाठीं उभा राहतो, पांचव्या दिवशीं सुटतो, आणि एक पाऊस पडला कीं त्याच्या मेढींचे खळगेहि बुजून जातात. दगडी देवळाचा दाता कोण, त्याचा शक कोणता, याची आपण कसोशीनें चौकशी करितों; पण त्याच देवळापुढें दरसाल उभ्या राहणाऱ्या मांडवाची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं.

अशा वस्तूच्या इतिहासास चार साधनें उपयोगी पडतात. पहिलें साधन शब्द. दुसरें धर्मग्रंथांतील विधि. तिसरें राज्यकारभारांतील खात्यांची व्यवस्था. चौथें साधन म्हणजे लांकडाची नक्कल करणारा दगड. भाजें येथील चैत्यगृहाचे खांब आंतल्या बाजूस कललेले आहेत. दगडाच्या खांबास कलण्याचें कांहीं कारण नाहीं. लांकडी मेढ छताचा रेटा सोसावा म्हणून कलती पुरीत, तिची ती आठवण आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहांत तर छताखालच्या सागवानी कमानी सुमारें दोन हजार वर्षें जागच्या जागीं आहेत. म्हणजे आपल्या देशांतील दगडी मंडपाचा गुरु लांकडी मंडप होय, आणि हा गुरु वारंवार उभा राही व वारंवार उतरे.

मांडव उभा कसा करीत यापेक्षां तो उतरल्यावर त्याचें सामान कोणाच्या हातीं जाई, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत मुख्य धरिला आहे. त्यासाठीं ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांतील टोकावडें व त्याच्या आसपासचा मुलूख घेतला आहे. कल्याणाहून मुरबाडावरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. त्याच रस्त्यानें पुढें गेलें म्हणजे वैशाखरें लागतें, आणि तेथून नाणेघाटाची वाट फुटते. कल्याण बंदर व जुन्नर यांना जोडणारी ही फार जुनी वाट. एकीकडे महायज्ञांची नोंद कोरलेलें लेणें आणि दुसरीकडे कळक, आपटा व पळस यांचें रान, अशा दोहोंच्या मध्यें हा मुलूख वसलेला असल्यामुळें मांडवाची कुळकथा येथून सांगणें सोयीचें आहे.

२

नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राजकुळांतील राणीचा लेख आहे. ती राणी नागनिका होय असें बहुतेक विद्वान् मानतात. भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्या वाचनामुळें हा लेख अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. त्यांत अग्न्याधेय, गवामयन, आप्तोर्याम, राजसूय, अश्वमेध इत्यादि यज्ञांचीं नांवें आहेत, आणि त्या त्या यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गांवें, वस्त्रें व कार्षापण यांची गणना आहे. प्रसर्पकांना, म्हणजे यज्ञ पाहावयास आलेल्या मंडळींना, दिलेल्या दानाचाहि त्यांत निर्देश आहे. तेव्हां हे यज्ञ म्हणजे मोठे जनसमुदाय जमविणारे समारंभ होते, हें उघड आहे.

असे समारंभ कोणत्या छताखालीं होत, हें श्रौतसूत्रांवरून कळतें. सोमयागाच्या मुख्य शालेस ‘प्राग्वंश’ म्हणतात. जिच्या आढ्याचा वंश, म्हणजे वेळू, पूर्वेकडे केलेला आहे, ती शाला असा त्या नांवाचा अर्थ. मंडपाच्या नांवांतच त्याचें सामान सांगितलें आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पुढें महावेदीवर ‘सदस्’ उभारितात. त्याच्या मध्यभागीं उंबराची मेढ रोवितात, तिला ‘औदुंबरी’ असें नांव आहे. तिसरी शाला ‘हविर्धान’. तिची रचना विशेष पाहण्यासारखी आहे. सोम व हविर्द्रव्य यांसाठीं दोन गाडे आणून उभे करितात आणि त्यांच्यावर तट्ट्यांचें छप्पर घालून शाला तयार करितात. गाड्यानें एकाच समारंभांत वाहन व वास्तु अशीं दोन्हीं कामें करावीं, ही योजना किती जुनी आहे हें यावरून दिसून येईल.

यज्ञ संपल्यावर या सामानाचें काय होई? वेदीवर पसरलेले दर्भ अग्नींत टाकण्याचा विधि आहे. केरळांत पांजाळ येथें इ. स. १९७५ च्या एप्रिलांत नंपूतिरी ब्राह्मणांनीं केलेल्या अग्निचयनाच्या शेवटीं वेळू व चटया यांची यज्ञशाला पेटवून देण्यांत आली. तात्पर्य, येथें सामानाचा धनी अग्नि होय. जें यज्ञासाठीं उभें केलें तें पुन्हां संसारांत आणावयाचें नाहीं, असा हा दंडक आहे. तो खर्चाचा आहे, पण बेवारशी नाहीं. शेवटची काडी कोठें जावयाची हें आधींच ठरलेलें आहे.

३

आतां घाट उतरून खालीं येऊं. टोकावड्याच्या भोंवतालीं कुणबी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी इत्यादि लोकांची वस्ती आहे. लग्नसराईचे दिवस फाल्गुन ते वैशाख. भात निघून गेलेलें, शेतें मोकळीं, माथ्यावर ऊन. अशा वेळीं मांडवाकडून अपेक्षा एकच, ती सावलीची. म्हणून रानांतल्या बेळक्याच्या मेढी, त्यांवर आडवे वांसे, त्यांवर कळकाच्या काठ्या आणि त्यांवर आंबा-जांभळीचे टहाळे, एवढ्यावर काम भागे.

या रचनेचें मर्म तिच्या सांध्यांत आहे. मेढीचें बेळकें वांशाचा भार आपोआप पेलतें, तेथें खिळ्याची गरज नाहीं. बाकीचे सांधे सुंभानें किंवा आपट्याच्या सालीच्या अथवा पळसाच्या मुळीच्या वाखानें बांधीत. ओली साल सुकतांना आवळते, त्यामुळें सांधा दिवसागणिक घट्ट होतो. आणि काम झालें कीं कोयत्याच्या एका घावानें तो मोकळाहि होतो. खिळा ठोकलेला कळक फाटतो, बांधलेला कळक जसाच्या तसा परत मिळतो. भाषेनेंहि हा भेद राखिला आहे. मांडव आपण ‘घालतों’ अथवा ‘बांधतों’. तो ‘ठोकतों’ असें कोणी म्हणत नाहीं.

मांडव उतरण्याच्या वेळेचा विचार केला म्हणजे या व्यवस्थेची दुसरी बाजू ध्यानांत येते. वैशाख-ज्येष्ठ हेच घर शाकारण्याचे दिवस. मांडवाचे वांसे व कळक तेव्हां घराच्या किंवा गोठ्याच्या छपरास लागतात, तट्टे कुडास लागतात, आणि पावसाळ्यांत शेतराखणीचा माळा उभारावयासहि त्याच मेढी चालतात. याच दिवसांत भाताच्या रोपासाठीं राब भाजावयाचा असतो. झाडांचे टहाळे, पालापाचोळा व शेण वाफ्यावर पसरून जाळण्याची ही ठाणें जिल्ह्यांतील जुनी रीत असून, इ. स. १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत तिचें वर्णन आहे. मांडवावरचा सुकलेला पाला याच राबांत जात असावा, असें अनुमान करण्यास हरकत दिसत नाहीं. मग मांडव म्हणजे रानांतून घराकडे व शेताकडे जाणाऱ्या लांकूडफांट्याचा चार दिवसांचा मुक्काम, इतकेंच म्हणावें लागेल.

धर्मशास्त्रानेंहि मांडव उतरण्यास विधीचा मान दिला आहे. काशीनाथ उपाध्याय यांनीं इ. स. १७९० च्या सुमारास रचिलेला धर्मसिंधु महाराष्ट्रांत घरोघरीं प्रमाण मानला गेला. या शास्त्रांत देवकोत्थापन व मंडपोद्वासन हीं स्वतंत्र कर्में असून त्यांसाठीं दिवस सांगितला आहे : सम दिवस घ्यावा, पण सहावा टाळावा; विषम दिवसांपैकीं पांचवा व सातवा तेवढे चालतात. मांडव घालण्यास जसा मुहूर्त, तसा तो उतरण्यासहि दिवस नेमलेला. जोंपर्यंत देवक उठलें नाहीं तोंपर्यंत समारंभ संपला नाहीं, ही भावना त्यामागें आहे.

मुहूर्तमेढीस अनेक घरीं उंबराची डहाळी बांधितात आणि श्रौत सदसांतील मध्यमेढहि उंबराचीच, हें साम्य मनोवेधक आहे. यावरून एकाचा उगम दुसऱ्यांत आहे असें म्हणूं नये. परंतु पहिल्या मेढीस देवत्व द्यावें आणि शेवटच्या मेढीसाठीं दिवस नेमावा, हे दोन्ही संस्कार वरच्या लेण्यांतल्या यज्ञसंस्थेंत व खालच्या गांवकीच्या मांडवांत सारखेच दृष्टीस पडतात. भेद आहे तो अखेरीचा. तेथें सामान अग्नीचें होतें, येथें तें पुन्हां गांवाचें होतें.

४

तिसरी व्यवस्था दरबारची. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत फरासखाना हा एक स्वतंत्र कारखाना होता. फरास म्हणजे बिछायत घालणारा व तंबू उभारणारा चाकर; आणि तंबू, राहुट्या, कनाती, शामियाने, गालिचे, जाजमें, लोड यांचा सांठा ज्याच्या हवालीं तो फरासखाना. पुण्यांत शनिवारवाड्याच्या जवळच्या पोलिस चौकीस अद्याप हेंच नांव आहे. या नांवाखालीं पूर्वीं उत्सवाच्या सामानाची जपणूक होत असे, हें आतां थोड्यांच्या लक्षांत असेल.

कारखाना म्हटला कीं त्यास हवालदार, मजमुदार व हिशेब आले. कनात कोणत्या मोहिमेस गेली, परत आली कीं फाटली, याची विचारणा करणारा कोणीतरी असतो. तोच शामियाना आज लग्नास, उद्यां दरबारास, परवां छावणीस लागतो. गांवच्या मांडवाचें सामान रूप पालटून उपयोगीं पडे. फरासखान्याचें सामान रूप न पालटतां पुन्हां पुन्हां उपयोगीं पडे. पुनरुपयोगाचे हे दोन निराळे मार्ग आहेत, आणि त्यांचा घोटाळा करूं नये.

या संबंधांत सभासदाच्या बखरींतील एक प्रसंग आठवतो. शके १५८१ मध्यें, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजीं, प्रतापगडाच्या पायथ्याशीं झालेल्या अफजलखानाच्या भेटीसाठीं महाराजांनीं उंची बिछायतीची व मोत्यांच्या झालरींची सदर सिद्ध केली होती. तिचा थाट पाहून खान मनांत खट्टू झाला आणि शहाजीच्या मुलाकडे एवढें वैभव कसें, असें बोलला. त्यावर पंताजीपंतांनीं, हा माल बादशहाचा असून तो बादशहाच्याच घरीं जाईल, अशा अर्थाचें उत्तर देऊन त्याचें समाधान केलें. शके १६१९ मध्यें लिहिलेल्या बखरींतील हा संवाद अक्षरशः घडला असो वा नसो, त्या काळच्या मनुष्यास सजविलेली सदर पाहतांच कोणता प्रश्न सुचे हें त्यावरून कळतें. हें सामान कोणाचें, आणि भेट आटोपल्यावर तें कोठें जाणार? आमच्या विषयाचा गाभा याच प्रश्नांत आहे.

५

इ. स. १८९३ पासून गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आलें, आणि मंडपाच्या इतिहासांत दोन नव्या गोष्टी शिरल्या. पहिली ऋतूची. लग्नाचा मांडव उन्हासाठीं, तर गणपतीचा मांडव भाद्रपदांतल्या पावसासाठीं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसांत टहाळ्यांचें छत कामाचें नाहीं. तेथें ताडपत्री व पत्रे पाहिजेत, आणि मेळे, कीर्तनें व व्याख्यानें यांसाठीं जमिनीपासून उंच, कोरडें व भक्कम व्यासपीठ पाहिजे. दुसरी गोष्ट मालकीची. सार्वजनिक मंडप कोणाच्या अंगणांत नसतो. तो उतरल्यावर त्याचे वांसे ज्याच्या गोठ्यास लागावेत असा यजमानच नाहीं.

या दोन्हीं अडचणींना समाजानें काढलेला तोड म्हणजे मंडपवाल्याचा धंदा. फळ्या, कापड, झालरी, खुर्च्या, लोखंडी नळ्या, सर्व कांहीं भाड्यानें. मुरबाड-शहापुराकडील लहान गांवांतूनहि आज हें सामान येऊन उभें राहतें. पुष्कळांना यांत जुन्या चालीचा ऱ्हास दिसतो. आमचें मत तसें नाहीं. मंडपवाला हा फरासखान्याचा वारस आहे. त्याची नळी शंभर समारंभ पाहते. तिचे सांधे कड्यांनीं आवळावयाचे व सोडावयाचे असतात, म्हणजे वाखाचेंच काम लोखंडानें पुढें चालविलें आहे. आणि परत न आलेल्या फळीचा हिशेब तो मागतो. फिरत्या तमाशाचे फडहि आपली कनात व रंगमंचाच्या फळ्या बरोबर घेऊन एका यात्रेहून दुसऱ्या यात्रेस जातात. मुरबाड तालुक्यांत म्हसें येथें पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची मोठी यात्रा भरते. ओसाड माळावर चार दिवसांत नगर उठतें व तसेंच मोडतें. पण त्यांतील पालें व कनाती पुढच्या गांवाच्या वाटेस लागलेल्या असतात.

बेवारशी राहिली ती सजावट. दरसाल नवें दृश्य पाहिजे, तें विकत आणावयाचें आणि विसर्जनानंतर कोणाच्याच घरीं न्यावयाचें नाहीं, असा प्रघात पडला. थर्माकोल याच रिकाम्या जागेंत शिरला. तो हलका, स्वस्त व कापावयास सोपा. पण सोडतां येत नाहीं, जाळूं नये, आणि जमिनींत कुजत नाहीं. अग्नि, गांव व फरासखाना या तिघांपैकीं कोणीहि त्याचा वारसा घेण्यास तयार नाहीं. महाराष्ट्र शासनानें २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें प्लॅस्टिक व थर्माकोल यांच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली आणि सजावटीच्या थर्माकोलासहि ती लागू झाली. कायद्यानें एक वस्तु दूर होते. तिला जागा करून देणारी रीत मात्र कायद्यानें आपोआप पालटत नाहीं.

६

ही रीत विचारपूर्वक पालटण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रांतच झालेला आहे. इ. स. १९३६ च्या डिसेंबरांत राष्ट्रीय सभेचें अधिवेशन खानदेशांत फैजपूर येथें भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलें अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. धनाजी नाना चौधरी व साने गुरुजी यांनीं त्यासाठीं अपार कष्ट घेतले. अधिवेशनाचें नगर सजविण्याचें काम महात्मा गांधींनीं शांतिनिकेतनांतील चित्रकार नंदलाल बोस यांच्यावर सोंपविलें, आणि अट अशी घातली कीं आसपासच्या खेड्यांत मिळतें तेंच सामान व तेथलेच कारागीर वापरावेत. त्याप्रमाणें वेळू, तट्टे व गवत यांतून ‘तिलकनगर’ उभें राहिलें. अध्यक्षांची मिरवणूक बैलांनीं ओढलेल्या सजविलेल्या रथांतून निघाली. पुढें इ. स. १९३८ मध्यें गुजराथेंत तापीकांठीं हरिपुरा येथें अधिवेशन झालें, तेव्हांहि नंदलालांनीं हीच पद्धति चालविली.

फैजपूरचें महत्त्व साधेपणांत आहे असें सामान्यतः म्हणतात. तें खरें, पण पुरतें नव्हे. तेथें शोभा सामानावर चिकटविलेली नव्हती, सामानाच्या बांधणींतून ती निघाली होती. सभेनंतरहि वेळू हा वेळूच राहतो व तट्ट्या तट्ट्याच राहतो. खेड्यास ज्याचा नित्य उपयोग आहे त्याचेंच नगर बांधलें, म्हणजे नगर मोडतांना तें सामान पत्करणारे हात भोंवतालींच असतात. टोकावड्याच्या कुणब्याचा मांडव ज्या तत्त्वावर उभा होता, त्याच तत्त्वावर हजारों लोकांची सभा बसूं शकते, ही गोष्ट फैजपुरानें सिद्ध केली.

७

परंतु हें सर्व रानावर अवलंबून आहे, आणि रानाचा इतिहास येथें सुखाचा नाहीं. इ. स. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत राबाचे टहाळे व लांकूडफांटा यांवरून रयत व जंगलखातें यांच्यांत तीव्र तंटा माजला आणि इ. स. १८८५ त सरकारला चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. इ. स. १९२७ च्या कायद्यानें वेळूची गणना वृक्षांत केली. वनस्पतिशास्त्राप्रमाणें तें गवत असूनहि त्याच्या तोडीस व वाहतुकीस वृक्षाचे निर्बंध लागले. इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वेळूस गौण वनोपजांत घालून त्यावर वनवासी लोकांचा हक्क मान्य केला; आणि इ. स. २०१७ त, वनाबाहेरच्या जमिनींतील वेळू १९२७ च्या कायद्यांतील वृक्षाच्या व्याख्येंतून वगळण्यांत आला. ज्या काठीसाठीं आजोबास परवाना लागे, ती आपल्या बांधावर लावून तोडण्यास नातवास आतां त्या कायद्याची आडकाठी नाहीं.

तेव्हां टोकावड्यासारख्या गांवच्या तरुण मंडळींनीं उत्सवाचा मंच योजतांना जुन्या चालीचा नुसता देखावा करूं नये. कळकाच्या काठ्या खिळ्यांनीं ठोकून व वर रंग फासून जुना मांडव परत येत नाहीं; उलट लोखंडी नळी दहा वर्षें वापरणारा मंडपवाला त्याच्या अधिक जवळ आहे. वर पाहिलेल्या तिन्ही व्यवस्थांतून तीन प्रश्न निघतात, ते मात्र विचारावेत. प्रत्येक सांधा न मोडतां सुटेल काय? छत त्या ऋतूस योग्य आहे काय? आणि उत्सव संपल्यावर प्रत्येक वस्तु कोणाच्या घरीं जाणार, हें पहिली मेढ रोवण्याच्या आधीं ठरलें आहे काय?

यांतील तिसरा प्रश्न सर्वांत जुना व सर्वांत महत्त्वाचा आहे. श्रौत याज्ञिकापाशीं त्याचें उत्तर होतें, गांवकऱ्यापाशीं होतें, फरासखान्याच्या हवालदारापाशींहि होतें. उत्तरें निराळीं, पण उत्तरावांचून कोणीहि मांडव उभारला नाहीं. मंडळाच्या वर्गणीच्या वहींत जमा व खर्च असे दोन रकाने असतात. त्यांच्या शेजारीं ‘परत’ असा तिसरा रकाना आंखला, तर मंडपोद्वासनाचा जुना विधि आपल्या काळास साजेशा रूपानें पुन्हां सुरू झाला असें म्हणतां येईल.